ती पै कोणाची?

दिवाळीच्या चार दिवसांत लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मला लहानपणापासून थोडी गूढ वाटत आली आहे. आमच्या गावच्या पेठेत त्या दिवशी दुकानांच्या फळ्या धुऊन पुसून ठेवलेल्या असत. गादीवर पांढरी चादर, तिच्यावर चौरंग, आणि चौरंगावर लाल कापडाची कोरी वही. दुकानदार वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढी, हळदकुंकू वाही, आणि आम्हा पोरांच्या हातावर लाह्याबत्तासे ठेवी. त्या वहीत पुढे वर्षभर काय लिहिले जाते, हे आम्ही कधी विचारले नाही. आमचे लक्ष बत्ताशांकडे.

आता चाळिशी उलटल्यावर, शाळेत पोरांना हिशेब शिकवून आणि चार कादंबऱ्या लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात येते, की आमच्या साहित्याचेही तसेच झाले आहे. वहीची पूजा आम्ही पाहिली, बत्तासे खाल्ले. वही उघडून कोणी पाहिली नाही. या लेखात तिचे एक पान उघडण्याचा विचार आहे. ते येण्याचे पान नव्हे, देण्याचे आहे.

सुरुवात एका जुन्या कथेने करतो. ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. एकनाथमहाराज देवगिरीस जनार्दनस्वामींच्या घरी राहून हिशेबाचे काम पाहत. एके रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. दिव्यात तेल घालीत, वही पुन्हा पुन्हा चाळीत नाथांनी सारी रात्र काढली. पहाटे चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले, म्हणाले, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर या संसाराच्या हिशेबातली चूक सापडल्यावर केवढा होईल! कीर्तनकार इथे थांबतो, मृदंगावर थाप पडते, आणि श्रोते माना डोलावतात.

पंधराएक वर्षांपूर्वी मी ही कथा वर्गात सांगितली. एकाग्रतेचे महत्त्व पटवून देण्यास तिच्याइतकी सोयीची कथा दुसरी नाही. सांगून झाल्यावर, कोणाला काही विचारायचे आहे का, असे मी सवयीने म्हटले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “गुरुजी, ती पै कोणाची होती?”

वर्ग हसला. मीही हसलो. “कोणाची का असेना, मुद्दा तो नाही,” असे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो. मुद्दा तोच होता, हे कळायला मला पंधरा वर्षे लागली.

ती मुलगी आज एका व्यापारी कंपनीच्या मुख्य कचेरीत देणी विभागात काम करते. कंपनीची दुकाने सांगली, कोल्हापूर, साताऱ्यापासून पणजी-बेळगावपर्यंत पसरलेली आहेत. त्या साऱ्या दुकानांत जो माल येतो, जी वीज जळते, जे भाडे द्यावे लागते, त्यांची बिले तिच्या आणि तिच्या चार सहकाऱ्यांच्या टेबलावर येतात. ती तपासायची आणि पैसे सोडायचे, हे तिचे काम. गेल्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा भेटायला आली. येताना माझी एक कादंबरी घेऊन आली होती. तीत हिशेब लिहिणारा एक कारकून आहे. तो रात्रभर बसून ताळेबंद जुळवितो, पहाटे खिडकीबाहेर पाखरे किलबिलू लागतात, आणि त्याला आयुष्याच्या व्यर्थतेचा साक्षात्कार होतो. हे प्रकरण मला फार आवडते. निदान तोपर्यंत आवडत असे.

“गुरुजी, पुस्तक चांगलं आहे,” ती म्हणाली. शिष्य अशी सुरुवात करतो तेव्हा पुढचे ऐकायला मन घट्ट करावे लागते. “पण तुमच्या कारकुनाचा हिशेब जुळतो, आणि पैसे कोणाला द्यायचे होते ते पुस्तकभर कळत नाही. त्याला एकदाही कोणाचा फोन येत नाही.”

एवढ्या थोड्या शब्दांत माझ्या कादंबरीची टीका कोणा समीक्षकाने केली नव्हती. मी कागद पुढे ओढला आणि तिला म्हटले, “सांग बघू, तुझ्या टेबलावर काय येतं?”

तिने जे सांगितले, ते माझ्या भाषेत मांडतो. एका देण्यामागे तीन कागद असतात. पहिला खरेदीच्या ऑर्डरीचा: अमुक माल, अमुक भावाने, अमुक दुकानी पाठवा. दुसरा माल पोचल्याच्या नोंदीचा: इतकी खोकी आली, इतकी फुटकी निघाली. तिसरे बिल. हे तिन्ही जुळले तर पैसे सुटतात. दुकान एकच असते तर ही गोष्ट चिमुकली होती, कारण मालक गल्ल्यावर बसून समोर उतरणारी खोकी मोजू शकतो. पण ऑर्डर देणारा पुण्यास, माल उतरवून घेणारा कोल्हापुरास, बिल पाठविणारा इचलकरंजीस आणि पैसे देणारी तिसऱ्याच गावी, असे झाले म्हणजे या तीन कागदांत माणसांच्या साऱ्या चुका, आळस, घाई आणि लबाडी शिरायला वाट मिळते. दुकानदाराने माल घेतला आणि नोंद करायची राहिली. शंभराची ऑर्डर होती, नव्वद आले, बिल शंभराचे. भाव मध्येच बदलला, तो फोनवर ठरला, कागदावर आलाच नाही. तेच बिल एकदा टपालाने आणि एकदा ईमेलने आले. एकाने क्रमांक ‘४५’ असा घातला, दुसऱ्याने ‘०४५’ असा, आणि यंत्राने दोन्ही निरनिराळी समजून पैसे दोनदा पाठविले.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. दर राज्यातल्या नोंदणीला वेगळा क्रमांक मिळाला आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे ठरले. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. बेळगावच्या दुकानी उतरलेल्या मालाचे बिल २७ च्या क्रमांकावर आले, की कराची वजावट अडकते आणि बिल परत जाते. दोन अंकांसाठी पुरवठा करणाऱ्याचा महिना जातो. शिवाय बँकेचे खाते बदलले म्हणून कळविणारे एखादे साळसूद पत्र येते. ते खरे असते किंवा चोराचे असते. ओळखायची रीत एकच, पत्रातल्या क्रमांकावर न बोलता जुन्या, माहीतगार क्रमांकावर फोन करून विचारायचे. बेळगावचे विजेचे बिल एका कंपनीचे, साताऱ्याचे महावितरणचे, पणजीचे गोव्याच्या वीजखात्याचे. मुदती साऱ्यांच्या निराळ्या. एक चुकली, तर ऐन सणात दुकान अंधारात.

वाचकहो, हे सारे मी लिहून घेत होतो तेव्हा माझ्या मनात एक शरमेचा विचार येत होता. मी कादंबरीकार म्हणवितो. मनुष्यस्वभाव हा माझा विषय. पण घाई, विसर, लोभ, संशय आणि विश्वास यांची एवढी गर्दी मला माझ्या चारही कादंबऱ्यांत मिळून जमवता आली नव्हती.

हा दोष माझ्या एकट्याचा आहे काय? आपल्या साहित्यावर नजर टाकून पाहू.

कारकून हा शब्द फारसीतून आला. काम करणारा, एवढाच त्याचा साधा अर्थ. मराठी साहित्यात मात्र तो काम करताना फारसा दिसत नाही. दिवाकरांच्या ‘पंत मेले, राव चढले’ या नाट्यछटेत एकाच्या मरणाने दुसऱ्याला बढती मिळते. मनुष्याच्या सुखदुःखाचा तो जमाखर्च इतका नेमका आहे, की त्यापुढे पुष्कळ मोठी नाटके फिकी पडतात. दिवाकर स्वतः शिक्षक होते, हे मी अभिमानाने नमूद करतो. पण पंत कचेरीत नेमके काय करीत आणि राव आता काय करणार, हे त्यात नाही. त्या लहान घाटात ते मागणेही रास्त नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’ (१९६४) मधला धोंडो भिकाजी कचेरीत जातो. त्याचे कपडे, घर, बायको, मुले, बदलती मुंबई, सारे आपण पोट धरून हसत पाहतो. त्याच्या मेजावरच्या कागदांनी मात्र कोणाचे भले झाले की वाटोळे झाले, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. किरण नगरकरांनी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) म्हणून चुकलेला पाढा थेट कादंबरीच्या कपाळावर लिहिला. शिक्षक या नात्याने मी तो पाहून दचकलो आणि लेखक या नात्याने खूश झालो. पण तो चुकलेला हिशेब जगण्याचा आहे, वहीचा नाही.

बाहेरच्या साहित्यातही फारसे निराळे नाही. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १८४३ च्या डिसेंबरात निघाली. आपल्या दिवाळी अंकासारखीच ती सणाची भेट होती. तीतला बॉब क्रॅचिट मेणबत्तीवर हात शेकतो आणि सणाची एक दिवस सुटी मिळावी म्हणून जीव मुठीत धरून उभा राहतो. गोगोलचा अकाकी नकला उतरतो आणि ओव्हरकोटापायी प्राण गमावतो. मेल्विलचा बार्टलबी (१८५३) न्यूयॉर्कच्या वकिलाच्या कचेरीत नकलनवीस आहे. तो एके दिवशी सौम्यपणे काम नाकारू लागतो आणि अखेर अन्नही नाकारतो. हे तिघे आपल्या काळजात घर करून राहिले आहेत. पण तिघांत एक साम्य आहे. तिघांवरही अन्याय होतो किंवा दैव रुसते. त्यांच्या हातून दुसऱ्याचे काही बरेवाईट होत नाही. कारकून म्हणजे ज्याच्या वाट्याला केवळ सोसणे येते तो, अशी जणू एक रीतच पडून गेली.

वहीच्या सर्वांत जवळ गेलेला लेखक पोर्तुगालचा पेसोआ. तो स्वतः लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांसाठी परदेशी पत्रव्यवहार लिहून पोट भरीत असे. त्याच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच्या ट्रंकेतल्या कागदांतून ‘द बुक ऑफ डिस्क्वाएट’ निघाले. त्याचा निवेदक कापडाच्या पेढीत दुय्यम हिशेबनीस आहे. कापडाच्या नोंदी लिहिता लिहिता त्याचे मन दूर देशांना जाते. मोठे सुंदर पुस्तक. पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिथेही उभा राहतो. ते कापड ज्याने विणले त्याला पैसे पोचले का? हिशेबनीस स्वप्नात आहे. विणकर दारात उभा असेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या मनात हिशेबाच्या कागदाविषयी एक जुनी अढी आहे आणि ती सकारण आहे. तुकोबांची कथा आठवावी. देहूस घरची सावकारी होती. दुष्काळाने सारे होरपळल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते काढली, भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यास शेतकऱ्यांचा उठाव झाला. ते सावकारांच्या पेढ्यांत शिरले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. म्हणजे एकदा कागद पाण्यात गेला, एकदा आगीत गेला, आणि दोन्ही वेळा आपले मन त्या बुडविणाऱ्यांच्या व जाळणाऱ्यांच्या बाजूने होते. तसेच असायला हवे होते. सावकार मोठा, कूळ लहान. कागद सावकाराच्या हातातले शस्त्र. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी, नाटकांनी आणि पुढे चित्रपटांनी हीच वाटणी पक्की केली. येणे असलेला दुष्ट, देणे असलेला दुबळा.

पण या व्याकरणाने आजचे वाक्य लावता येत नाही. आज देणे असणारी कंपनी मोठी आहे आणि येणे असणारा लहान. पापड लाटणारी, पिशव्या शिवणारा, पणत्या रंगविणारे कुटुंब हे सारे धनको आहेत आणि अनेक गावी दुकाने असलेला व्यापारी त्यांचा ऋणको आहे. लहान माणूस मोठ्याला बिनव्याजी कर्ज देतो आणि ते वसूल करायला त्याच्याच दारात ताटकळतो. इथे कागद बुडाला तर लहान माणूस बुडतो. माल उतरल्याची सही असलेले एक चुरगळलेले चलन हेच त्याचे संरक्षण. तुकोबांनी जी खते बुडविली ती आपल्याला येणे असलेली होती, हे विसरता कामा नये. आपले देणे असलेला कागद त्यांनी नदीत सोडला असता, तर ती विरक्ती ठरली नसती.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. ब्रिटनमध्ये किराणा पुरवठ्याच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारे एक स्वतंत्र पद आहे. त्या अधिकाऱ्यांनी जानेवारी २०१६ मध्ये टेस्को या बलाढ्य दुकानसाखळीविषयी असा निष्कर्ष काढला, की तिने पुरवठादारांची देणी लांबवून नियमांचा गंभीर भंग केला. चुकीने कापलेल्या रकमा परत करायला काही वेळा वर्षाहून अधिक काळ लागला होता. आपल्याकडे २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या देण्याला मुदत घातली. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने असेही ठरविले, की या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येईल. कायदे असे वारंवार करावे लागतात, याचा अर्थ शहाण्या माणसाला सांगायला नको.

आणि कायद्याला फट असतेच. या मुदतीचे घड्याळ माल स्वीकारल्याच्या दिवसापासून चालू होते. पण माल पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईपर्यंत ते घड्याळ चालूच होत नाही. खोट्या मालापासून घेणाऱ्याचे रक्षण व्हावे, म्हणून ही तरतूद. हेतू उत्तम. तिचा उपयोग कसा होतो, ते माझ्या विद्यार्थिनीने सांगितलेल्या दोन हकिगतींतून ऐका.

पहिली पणत्यांची. एका कुटुंबाने सांगलीच्या दुकानासाठी पणत्या पाठविल्या. बिल ८६,४०० रुपयांचे. सांगलीचे दुकान म्हणे, माल आलाच नाही. कुटुंबाचा मुलगा म्हणे, आम्ही गाडीत भरून दिला. यंत्रात ऑर्डर होती, बिल होते, मधला कागद नव्हता. दिवाळी होऊन गेली, तुळशीचे लग्न झाले, तरी बिल तसेच पडून. एके संध्याकाळी सारे घरी गेल्यावर ती बसली आणि चलनाचे फोटो एकेक करून पाहू लागली. घडी पडलेल्या एका कोपऱ्यात अर्धा शिक्का दिसला. तो कोल्हापूरच्या दुकानाचा होता. गाडीवाल्याने वाटेत सारी खोकी तिथेच उतरविली होती. सणाच्या गर्दीत कोल्हापूरकरांनी ती मांडली, विकली आणि नोंद करायचे राहून गेले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. “नाथांना सापडली तशी मला पै सापडली,” ती म्हणाली. “टाळी वाजवावीशी वाटली. पण कचेरीत वॉचमनशिवाय कोणी नव्हतं.” पुढच्या गुरुवारी पैसे गेले. त्या मुलाने फोनवर आभार मानले नाहीत, एवढे विचारले, “ताई, पुढच्या वर्षी ऑर्डर राहील ना?”

दुसरी हकिगत सांगताना ती खाली पाहत होती. कापडी पिशव्या शिवून देणारा एक गृहस्थ. ऑर्डर बरोबर, पोच बरोबर, बिल बरोबर. तिन्ही कागद आरशासारखे जुळलेले. पण सणाच्या खरेदीसाठी कंपनीला रोकड हातात हवी होती, आणि वरून निरोप आला, की लहान बिले थोडी थोपवा. पंधरा दिवस पुरे व्हायला दोन दिवस राहिले होते. तिने त्या बिलावर शेरा मारला: ‘कापडाच्या वजनात फरक. खुलासा हवा.’

“फरक होता?” मी विचारले.

“नव्हता गुरुजी.”

चार दिवसांनी तो गृहस्थ स्वतः कचेरीत आला. एका हातात पिशव्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात वजनकाटा. त्याला वाटले, खरोखरच कोणाला शंका आहे. त्याने तिच्या टेबलावर काटा ठेवला, एकेक पिशवी घातली आणि म्हणाला, “तुम्हीच बघा ताई.” तिने पाहिले. काटा ठरल्या वजनावर उभा राहत होता. तिने त्याला चहा पाजला आणि कागद वर पाठविते म्हणून सांगितले. पैसे दोन महिन्यांनी मिळाले.

“तू काही बोलली नाहीस?”

“घराचे हप्ते आहेत,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आता शेरा मारायला सांगितलं, की मी लेखी मागते. तोंडी ऐकत नाही. त्यामुळे जरा कमी सांगतात. एवढंच.”

वाचकहो, या प्रसंगाला मी कादंबरीत काय केले असते, ते मला ठाऊक आहे. मी तिला राजीनामा द्यायला लावला असता, किंवा त्या गृहस्थाच्या घरी एखादे आजारी मूल घातले असते, आणि तिला पहाटे पाखरांची किलबिल ऐकविली असती. म्हणजे वाचकाच्या डोळ्यांत पाणी आले असते आणि वजनकाटा मात्र कोणाच्या लक्षात राहिला नसता. तिने जे सांगितले त्यात असे काहीच नव्हते. एक खोटे वाक्य, एक खरा काटा, दोन कप चहा. सोसणे कोणाच्या वाट्याला आले आणि करणे कोणाच्या हातून घडले, याची सरळ विभागणी तिथे होत नाही. क्रॅचिट आणि स्क्रूज एकाच खुर्चीत बसलेले आहेत. हे माणूस आमच्या साहित्याने अजून नीट पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, बिले, पोच, शेरे ही का वाङ्मयाची सामग्री? ज्याने त्याने आपापला धंदा लिहावा, असा हट्ट धरला तर कादंबरीची जमाखर्चाची चोपडी होईल. ही भीती अगदीच खोटी नाही. कामाची माहिती भरून काढलेल्या कादंबऱ्या मीही वाचल्या आहेत. त्यांत माहिती उरते, माणूस हरवतो. पण माझे मागणे माहितीचे नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. अक्षर कसे असावे, कागद कसा राखावा, हे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत १४९४ मध्ये व्हेनिसला छापून प्रसिद्ध केली ती लुका पाचोली याने, आणि तो फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता. विरक्तांना ज्या विषयाचा विटाळ झाला नाही, तो आम्हा संसारी लेखकांना का व्हावा?

शिवाय द्विनोंदीचे तत्त्व हे कादंबरीचेच तत्त्व आहे, असे मला आता वाटू लागले आहे. एका खात्यावर जे नावे पडते ते दुसऱ्या कोठे तरी जमा झालेच पाहिजे. एकच बाजू लिहिली तर वही खोटी. माझ्या कारकुनाच्या प्रकरणात मी एकच बाजू लिहिली होती. त्याचा थकवा लिहिला, त्याची पहाट लिहिली. पलीकडच्या गावी कोणी तरी सकाळी बँकेचा निरोप आला का म्हणून फोन उघडून पाहतो आहे, ही दुसरी नोंद मी केलीच नाही. चांगल्या टीकेने लेखकाला असेच विचारावे: हे दुःख तुम्ही नावे लिहिलेत खरे, पण जमा कोणाकडे?

नाथांच्या कथेवरही मला आता हाच आक्षेप घ्यावासा वाटतो. नाथांवर नव्हे, ते रात्रभर जागले. आक्षेप कथा सांगणाऱ्या आपणा सर्वांवर. आपण त्या पैला एकाग्रतेचे साधन केले आणि टाळी वाजताच तिला टाकून दिले. गडाच्या हिशेबातली ती पै एखाद्या शिपायाच्या पगारातली असेल, एखाद्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातली असेल. ती कोणाची तरी होती, म्हणूनच तिच्यासाठी रात्र जागण्याला अर्थ होता. ज्या नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली असे आपण सांगतो, त्यांना ती पै कोणाची, हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. कथेतून ते आपण गाळले.

निघताना तिने पायांवर डोके ठेवले. मी म्हटले, “पंधरा वर्षांपूर्वी तू एक प्रश्न विचारला होतास. आठवतो?”

ती हसली. “तुम्ही उत्तर दिलं नव्हतं.”

“आता तू सांग.”

तिने क्षणभर विचार केला. “कोणाची होती ते नाही सांगता येणार, गुरुजी. पण चूक सापडल्यावर ती पै त्याला पोचली का, हे मी आधी बघितलं असतं. मग टाळी.”

कादंबरीची नवी आवृत्ती निघणार आहे. ते पाखरांचे प्रकरण मी काढून टाकले आहे. त्या जागी काय घालावे, हे अजून जमलेले नाही. एक वजनकाटा टेबलावर ठेवून बसलो आहे. या लक्ष्मीपूजनाला कोऱ्या वहीवर ‘श्री’ काढाल, तेव्हा देण्याचे पान आधी उघडा, एवढेच सुचवितो. मीही तसेच करणार आहे. आमच्या पेठेतल्या दुकानदाराच्या वहीत माझ्या नावावर श्रावणापासूनचे काही मांडलेले आहे.